मनगटाच्या हालचालीचा पल्ला : वय व लिंग यांचा परिणाम

मनगटाच्या हालचालीचा पल्ला : प्रबाहू (कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग) स्थिर धरला असता पंजा पुढे, मागे व दोन्ही बाजूंस जास्तीत जास्त जितक्या अंशांतून वळतो, त्यास मनगटाच्या हालचालीचा पल्ला म्हणतात. पंजा तळव्याच्या बाजूस वाकविणे म्हणजे आकुंचन व हाताच्या पाठीकडे उलटविणे म्हणजे प्रसरण. अंगठ्याच्या व करंगळीच्या बाजूस पंजा झुकविणे या आणखी दोन हालचाली आहेत. तळवा उताणा-पालथा करण्याची हालचाल मनगटाची आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी ती प्रबाहूतील दोन अस्थींच्या परस्परांभोवती फिरण्याने घडते व तिचा विचार येथे केलेला नाही. पाठ्यपुस्तकांत सामान्यतः आकुंचन ८०°, प्रसरण ७०°, अंगठ्याकडील कल २०° व करंगळीकडील कल ३०° असे आकडे दिलेले आढळतात. हे आकडे सोयीचे आहेत. परंतु ते कोणत्या वयाच्या व स्त्री की पुरुषाच्या मनगटाचे आहेत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अस्थिभंगानंतर मनगट कितपत सुधारले, तसेच अपंगत्व किती टक्के आले, हे याच आकड्यांशी तुलना करून ठरविले जात असल्याने हा प्रश्न केवळ शारीरविज्ञानाचा राहत नाही.

रचना : मनगट हा एकच सांधा नसून सांध्यांचा समूह आहे. प्रबाहूतील अंगठ्याच्या बाजूच्या अस्थीचे (बहिःप्रकोष्ठास्थीचे) रुंद खालचे टोक व मनगटातील आठ लहान अस्थींची पहिली ओळ यांच्यामध्ये एक सांधा असतो. पहिली व दुसरी ओळ यांच्यामध्ये दुसरा. आकुंचन व प्रसरण या दोन्ही सांध्यांत वाटून घेतले जाते. बहिःप्रकोष्ठास्थीचा सांध्याकडील पृष्ठभाग तळव्याच्या बाजूस सु. ११° व करंगळीच्या बाजूस सु. २२° उतरता असतो. अंगठ्याच्या बाजूस या अस्थीचे टोक अधिक खाली आलेले असल्याने त्या बाजूस झुकणारा पंजा लवकर अडतो. करंगळीच्या बाजूस तसा अडसर नसतो. दोन्ही बाजूंच्या कलांत जो फरक दिसतो तो या बांधणीमुळे. याखेरीज संधिसंपुट, अस्थिबंध व मनगटावरून बोटांकडे जाणाऱ्या कंडरा हालचालीला मर्यादा घालतात. वय व लिंग यांचा प्रभाव मुख्यतः या मऊ ऊतकांवर पडतो. अस्थींच्या आकारावर त्या मानाने कमी.

मापन : मापनासाठी दोन भुजांचा कोनमापक वापरतात. एक भुजा प्रबाहूवर व दुसरी पंजाच्या मधल्या अस्थीच्या रेषेत धरून कोन वाचला जातो. व्यक्तीने स्वतःच्या स्नायूंनी केलेली हालचाल (सक्रिय) व परीक्षकाने हाताने करविलेली (निष्क्रिय) यांचे आकडे वेगळे येतात. दुसरे सामान्यतः मोठे असतात. मूठ मिटून मनगट वाकविले, तर हाताच्या पाठीवरील कंडरा आधीच ताणल्या गेल्यामुळे आकुंचन बरेच कमी भरते. बोटे सैल सोडल्यास तेच मनगट अधिक वाकते. वाचकाला हे स्वतःच्या हातावर क्षणात पडताळून पाहता येईल. एकाच परीक्षकाने एकच मनगट दोनदा मोजले, तरी सु. ५° चा फरक पडू शकतो. पुढे येणारे आकडे वाचताना हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण वय व लिंग यांमुळे पडणारे कित्येक फरक याच्याच आसपासचे आहेत.

वयाचा परिणाम : मनगटाच्या लवचिकतेचा वयाशी असलेला संबंध जन्मापूर्वीच सुरू होतो, आणि येथे त्याची दिशा अपेक्षेच्या उलट असते. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास जन्मलेल्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचा पंजा हलक्या हाताने वाकविला, तर तो प्रबाहूशी जवळजवळ काटकोनातच अडतो. पूर्ण दिवसांच्या अर्भकाचा तळवा मात्र प्रबाहूला जवळजवळ टेकतो. गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत मातेच्या हॉर्मोनांचा (उत्तेजक स्रावांचा) गर्भाच्या अस्थिबंधांवर होणारा परिणाम व गर्भाशयात अंग मुडपून राहावे लागणे, ही याची कारणे मानली जातात. या लक्षणाचा उपयोग नवजाताचे गर्भवय ठरविण्यासाठी करतात. लिली व व्हिक्टर डुबोविट्झ यांनी १९७० मध्ये मांडलेल्या व बॅलर्ड यांनी १९७९ मध्ये सुटसुटीत केलेल्या गुणांकन पद्धतींत मनगटाच्या या कोनास स्वतंत्र गुण आहेत. म्हणजे पाळण्यातल्या बाळाचे वय त्याच्या मनगटावरून सांगता येते. पुढील आयुष्यात मात्र मनगट वयाचा इतका भरवशाचा साक्षीदार राहत नाही.

जन्मानंतर पल्ला प्रथम वेगाने व नंतर संथपणे घटतो. पहिल्या दोन वर्षांत आकुंचन ९०° च्या आसपास असते. अमेरिकेत बून व एझन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड वर्षापासून ५४ वर्षांपर्यंतच्या १०९ निरोगी पुरुषांची व मुलग्यांची मापे घेतली होती. त्यांत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचे सरासरी आकुंचन सु. ८२°, तर ४० ते ५४ वर्षे वयाच्या पुरुषांचे सु. ७३° भरले. एकोणीस वर्षांपर्यंतचे सर्व एकत्र धरल्यास सरासरी सु. ७८° व त्यापुढच्यांची सु. ७५° येते. प्रसरणातील फरक याहूनही थोडा, सु. २° चा आहे. बाजूंच्या कलांत प्रौढ वयात जवळजवळ घट दिसतच नाही. तेथील मर्यादा प्रामुख्याने अस्थींच्या बांधणीने घातलेली असल्याने असे होणे स्वाभाविक आहे. या अभ्यासातील आकुंचनाचे प्रमाण विचलन सु. ६° होते. याचा अर्थ असा की, एकाच वयाच्या दोन पुरुषांत जो फरक सहज आढळतो तो विशीतील व पन्नाशीतील सरासरींमधील फरकाहून मोठा असू शकतो. पंचावन्न वर्षांपर्यंत वय हे मनगटाच्या पल्ल्याचे दुबळे कारण आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

साठीनंतर चित्र बदलते. वृद्धांच्या मापनांत आकुंचन व प्रसरण हे दोन्ही साठ-पासष्ट अंशांच्या परिसरात आलेले आढळतात आणि करंगळीकडील कलही कमी होतो. आइसलँड व स्वीडनमधील ३३ ते ७० वर्षे वयाच्या स्त्री-पुरुषांवरील अलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात (१९७४) वयाबरोबर दोन्ही मनगटांचा आकुंचन-प्रसरणाचा पल्ला कमी होत गेल्याचे आढळले. पुरुषांतील घट दर पाच वर्षांस सरासरी सु. २° होती. हा वेग इतका मंद आहे की, ज्याचे मनगट आखडत चालले आहे त्याला ते सहसा जाणवत नाही.

अशा अभ्यासांबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. त्यांत एकाच व्यक्तीचे मनगट तारुण्यापासून वार्धक्यापर्यंत मोजलेले नसते. एकाच काळी हयात असलेल्या वेगवेगळ्या पिढ्यांतील व्यक्तींची तुलना केलेली असते. आजचा सत्तर वर्षांचा शेतकरी व आजचा वीस वर्षांचा विद्यार्थी यांच्यांत केवळ पन्नास वर्षांचे अंतर नसून कष्टांचे, आहाराचे व किरकोळ दुखापतींच्या इतिहासाचेही अंतर असते. त्यामुळे दिसणारी सर्व घट वयाच्या नावे मांडणे रास्त नाही.

लिंगाचा परिणाम : स्त्रियांचे मनगट पुरुषांच्या मनगटाहून अधिक लवचिक असते, हे निरीक्षण जुने आहे. कोब यांनी १९२८ मध्ये १०० तरुण व १५ तरुणी यांची मापे घेतली, तेव्हा मनगटाच्या सर्व हालचालींत तरुणींचा पल्ला मोठा भरला. तरुणींची संख्या तोकडी असल्याने या निष्कर्षावर फार भार टाकता आला नसता. परंतु अलँडर यांच्या स्वीडनमधील मापनांतही तोच कल दिसला आणि साठीपुढील स्त्री-पुरुषांच्या नंतरच्या मापनांतही स्त्रियांचे आकडे सामान्यतः वरचढ राहिले. दक्षिण आफ्रिकेतील ग्रामीण त्स्वाना समाजातील एक हजाराहून अधिक व्यक्तींची पी. बेटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तपासणी केली. त्यांच्या कसोट्यांपैकी एक म्हणजे मनगट वाकवून अंगठा प्रबाहूला टेकविणे. सांध्यांची सैलता बालपणी झपाट्याने व प्रौढपणी सावकाश घटते आणि प्रत्येक वयात ती पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक असते, असे त्यांना आढळले. हवामान, आहार व कामाच्या सवयी युरोपीय समाजांहून वेगळ्या असलेल्या समाजातही हाच क्रम दिसावा, ही गोष्ट या निष्कर्षाला बळकटी देणारी आहे.

स्त्री-पुरुषांतील हा फरक सरासरी काही अंशांचाच असतो व दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मोठ्या प्रमाणात मिसळलेले असतात. एखाद्या व्यक्तीचा पल्ला कळला म्हणून ती स्त्री की पुरुष हे सांगता येणार नाही. शिवाय काही लहान अभ्यासांत बाजूंच्या कलांत कोणताच फरक दिसलेला नाही. मनगटाच्या बाबतीत स्त्री-पुरुषांतील अधिक ठळक फरक दिसतो तो वाढीच्या वेगात. जन्मतः मनगटाच्या आठही अस्थी सामान्यतः उपास्थीच्या असतात. त्यांत अस्थिनिर्मितीची केंद्रे पहिल्या काही महिन्यांपासून क्रमाने दिसू लागतात आणि शेवटचे केंद्र नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान उगवते. हा क्रम मुलींत मुलांच्या आधी पूर्ण होतो. म्हणूनच मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून अस्थिवय ठरविताना मुलगे व मुली यांच्यासाठी वेगळे नमुने वापरावे लागतात.

कारणमीमांसा : अस्थिबंध व संधिसंपुट मुख्यतः कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचे बनलेले असतात. कोलॅजेनाचे रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनी जखडलेले असतात व त्यामुळे ऊतकाला बळकटी येते. वाढीच्या काळात हे बंध एंझाइमांच्या साहाय्याने नियंत्रितपणे तयार होतात. पुढे मात्र रक्तातील शर्करा प्रथिनांना चिकटून निराळ्याच प्रकारचे बंध साचत जातात. अस्थिबंधांतील कोलॅजेन फार सावकाश बदलले जात असल्याने एकदा निर्माण झालेले हे बंध वर्षानुवर्षे टिकतात व ऊतक ताठर बनते. जुन्या चामड्याचा पट्टा जसा तुटत नाही पण वाकतही नाही, तशी ही अवस्था असते. जोडीला ऊतकांतील पाण्याचे प्रमाण घटते आणि उपास्थीची झीज होते.

याचे प्रत्यंतर मधुमेहात मिळते. रक्तातील शर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास हेच बंध लवकर साचतात आणि तरुण रुग्णाच्या हाताला वृद्धाच्या हातासारखा ताठरपणा येतो. अशा रुग्णास नमस्काराप्रमाणे दोन्ही हात जोडावयास सांगितले, तर तळवे व बोटे पूर्णपणे चिकटत नाहीत, मध्ये फट राहते. पाश्चात्त्य वैद्यकात ही प्रार्थनेची खूण म्हणून ओळखली जाते. भारतात ती तपासण्यासाठी रुग्णाला वेगळे काही शिकवावे लागत नाही [→ मधुमेह].

स्त्रियांच्या अस्थिबंधांच्या सैलतेचे कारण इतके स्पष्ट नाही. अस्थिबंधांतील पेशींवर स्त्रीमदजन हॉर्मोनाची ग्राहके असतात आणि गर्भारपणात सांधे काहीसे सैलावतात. यावरून हॉर्मोनांकडे बोट दाखविले जाते. तथापि मुलामुलींतील फरक यौवनापूर्वीही आढळतो व ऋतुनिवृत्तीनंतरही स्त्रियांचा वरचढपणा टिकून राहतो. त्यामुळे केवळ हॉर्मोनांनी उलगडा होत नाही. लहान आकाराच्या अस्थी, अस्थिबंधांची कमी जाडी, कामाचे वेगळे स्वरूप व आनुवंशिकता यांचाही वाटा असावा. पुरुषांत उजव्या हाताचा पल्ला डाव्याहून किंचित कमी भरल्याचे कोब यांनी नोंदविले होते. वर्षानुवर्षे अधिक राबणारा हात थोडा अधिक ताठर होतो असे यावरून म्हणता येईल. मात्र नंतरच्या अभ्यासांत हा फरक एक तर आढळला नाही किंवा इतका थोडा आढळला की, व्यवहारात तो सोडून देता येतो.

दैनंदिन कामे व उरलेला पल्ला : पल्ला घटला म्हणजे काम अडलेच असे नाही. पामर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये केलेल्या मापनांत नेहमीच्या बहुतेक कामांना ५° आकुंचन, ३०° प्रसरण, अंगठ्याकडे १०° व करंगळीकडे १५° कल एवढा पल्ला पुरतो असे आढळले. रिऊ व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ४० निरोगी स्त्री-पुरुषांकडून विविध कामे करवून घेतली. त्यांच्या मते बहुतेक कामांसाठी ४०° आकुंचन, ४०° प्रसरण व दोन्ही बाजूंचे मिळून ४० अंश लागतात. दोन्हींतील तफावत मोठी आहे. परंतु कोणतेही प्रमाण घेतले, तरी निरोगी वृद्ध मनगट त्याच्या आतच बसते. वयाने हिरावून घेतलेला भाग हा मुख्यतः राखीव साठ्यातील असतो. मुठीची पकड सर्वांत घट्ट बसते ती मनगट सु. ३५° मागे उलटलेले असताना. त्यामुळे आकुंचनापेक्षा प्रसरणातील घट हाताच्या कामाला अधिक बाधक ठरते.

येथेही प्रमाणे कोणत्या जीवनपद्धतीवरून ठरली याचा विचार करावा लागतो. हे अभ्यास अमेरिकेतील असून त्यांतील कामे दरवाजाची मूठ फिरविणे, पेल्यातून पाणी पिणे, खुर्चीवरून उठणे अशी आहेत. खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठण्यासाठीच मनगट सु. ६०° मागे वळवावे लागले. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या आणि तळवा जमिनीवर टेकून उठणाऱ्या व्यक्तीला अखेरच्या हालचालीत मनगट याहूनही अधिक उलटवावे लागते, कारण भुजा सरळ व तळवा सपाट असतो. राखीव साठा तिच्याजवळ मुळातच कमी उरतो. साठीपुढील स्त्रीने मनगट दुखते म्हणून जमिनीवर बसणे सोडले, असे चिकित्सकाला ऐकावयास मिळते तेव्हा गुडघ्यांबरोबर मनगटाचा पल्लाही पाहणे उचित ठरते.

अस्थिभंग व प्रमाणाचा प्रश्न : वय व लिंग यांचा परिणाम सर्वांत प्रकर्षाने एकत्र येतो तो बहिःप्रकोष्ठास्थीच्या खालच्या टोकाच्या अस्थिभंगात. या अस्थिभंगाचे वर्णन डब्लिन येथील शल्यचिकित्सक एब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधाच्या ८१ वर्षे आधी केले. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या अस्थी सुषिर व ठिसूळ होतात. तोल जाऊन पसरलेल्या तळव्यावर पडण्याचे निमित्त होते व अस्थी मोडते. पन्नाशीनंतर हा अस्थिभंग पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो. अस्थी वाकडी जुळल्यास सांध्याचा तळव्याकडील उतार नाहीसा होतो किंवा उलटा होतो, त्यामुळे आकुंचन घटते. प्लॅस्टरमध्ये काही आठवडे जखडून राहिल्याने संधिसंपुटही आक्रसते. अशा रीतीने आयुष्यभर अधिक लवचिक राहिलेले मनगट उतारवयात अधिक संख्येने ताठर होते. स्त्रियांत अधिक आढळणारा संधिवाताभ संधिशोथही याला हातभार लावतो.

या रुग्णांच्या सुधारणेचे मोजमाप ज्या कोष्टकाशी ताडून पाहिले जाते, त्याचा उगम विसरला जातो. बून व एझन यांचे वर उल्लेखिलेले आकडे पुढे पुष्कळ पाठ्यपुस्तकांत उद्धृत झाले. पण त्या १०९ जणांत एकही स्त्री नव्हती व पंचावन्न वर्षांवरील कोणी नव्हते. कोष्टकाचा दोष मापन करणाऱ्यांचा नव्हे, त्यांनी आपल्या नमुन्याची मर्यादा शीर्षकातच स्पष्ट केली होती. दोष आहे तो ते आकडे सरसकट सर्वांना लावण्याच्या सवयीचा. कल्पित उदाहरण घ्यावयाचे झाल्यास, सत्तर वर्षांच्या स्त्रीचे मनगट अस्थिभंगानंतर ५०° आकुंचन व ४५° प्रसरण, म्हणजे एकूण ९५° हलते असे समजू. कोष्टकातील ७६° व ७५° यांच्या १५१ अंश बेरजेशी तुलना केल्यास तिने ३७ टक्के पल्ला गमावला असे ठरते. तिचे निरोगी मनगट मात्र ६२° व ६०°, एकूण १२२° हलत असेल, तर दुखापतीने झालेली खरी हानी २२ टक्के आहे. उरलेली वयाची आहे. याउलट वीस वर्षांच्या तरुणीचे निरोगी मनगट ९०° व ८५° हलते आणि दुखावलेले बरोबर ७६° व ७५°. कोष्टक तिला निर्दोष ठरवील. प्रत्यक्षात तिने १४ टक्के पल्ला गमावला आहे.

यासाठी त्याच व्यक्तीचे दुसरे, निरोगी मनगट हे सर्वांत विश्वासार्ह प्रमाण मानले जाते. दोन्ही बाजूंतील नैसर्गिक फरक अल्प असल्याचे बून व एझन यांच्याच मापनांनी दाखवून दिले आहे. दोन्ही तळवे छातीसमोर जोडून कोपरे हळूहळू वर उचलावयास सांगणे व नंतर हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून कोपरे खाली आणावयास सांगणे, या दोन साध्या कृतींनी कोनमापकाविनाही दोन्ही बाजूंची तुलना करता येते. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याखाली २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत बाहूच्या हालचालींची हानी मोजताना मनगटाला खांदा व कोपर यांच्या बरोबरीचे वजन दिलेले होते. त्यामुळे मनगटाचे प्रमाण चुकले, तर प्रमाणपत्रावरील टक्केवारीही चुकते. दोन्ही मनगटे दुखावलेली अथवा संधिशोथाने ग्रासलेली असतील तेव्हा मात्र दुसऱ्या बाजूचा आधार उरत नाही. अशा वेळी त्या वयाच्या व लिंगाच्या व्यक्तींवर घेतलेल्या मापांचेच कोष्टक वापरावे लागते, आणि मोजमापातील पाच अंशांची चूक लक्षात घेऊन आकडा एकाच दिवशी न ठरवता किमान दोनदा मोजून ठरवावा लागतो.